मृत्यूचं ठिकाण : मजला दुसरा

तीर्थरूप मामांना,

धाकट्या भाचीचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवते असं लिहायला हवं, पण मागच्या खेपेला खरोखरच ठेवायला गेले तेव्हा तुम्ही ऐनवेळी पाय मागे घेतलेत आणि माझं कपाळ टीपॉयवर आपटलं. तेव्हापासून वडीलधाऱ्यांना लांबूनच नमस्कार करते. मामी गेल्यापासून तुम्हाला विचारणारं कुणी नाही, म्हणून विचारते, तब्येत कशी आहे? दाढ काढलीत, की दातांच्या डॉक्टरांशी अजून वाद चालूच आहे? (वाद तुम्ही जिंकाल यात शंका नाही, पण दुखणार तुम्हालाच आहे.) कानातलं यंत्र वापरता ना? की पाहुणे रटाळ निघाले की ते अजून हळूच खिशात जातं? आई बरी आहे. तिचा रक्तदाब, तिचे गुडघे आणि तिचा माझ्यावरचा राग, तिन्ही सध्या आटोक्यात आहेत. फोनवर तुम्ही नुसतं ‘हो, हो’ म्हणता आणि महिन्याभराने कळतं की काहीच ऐकू आलं नव्हतं, म्हणून सविस्तर पत्र लिही, असा तिचा हुकूम आहे.

तुम्ही मागे विचारलं होतंत की तू नेमकं करतेस तरी काय. तेव्हा पंगतीत पानं वाढलेली होती म्हणून मी विषय बदलला. (माझ्या कामाबद्दल लोक नेहमी जेवतानाच विचारतात आणि मग माझ्याकडे बघून जेवत नाहीत.) तर ऐका. माणूस अचानक गेला, आणि जवळ डॉक्टर नव्हता, की आमच्या कचेरीत फोन येतो आणि मी जाते. हातमोजे, कॅमेरा, थर्मामीटर आणि अकरा पानी फॉर्म घेऊन. गेला तो कोण, कुठे, केव्हा, कशाने, आणि त्यात कुणाचा हात आहे का, एवढं बघायचं. पुढे चिरफाड करायची की नाही हे त्या अकरा पानांवर ठरतं. पदाचं नाव मृत्यू तपासनीस. आई शेजारणींना ‘तिचं कागदपत्रांचं काम असतं’ असं सांगते, आणि ते खोटं नाही. समोरच्या बाईंना मात्र सुगावा लागला आहे. परवा त्यांनी मला जिन्यात गाठलं, इकडेतिकडे बघितलं, सासूबाईंच्या खोकल्याचं बारकाईने वर्णन केलं आणि विचारलं, “तुमच्या अनुभवाने साधारण किती?” मी म्हटलं, आम्ही नंतर येतो, आधी नाही. बिचाऱ्या हिरमुसल्या.

मेलेला माणूस कधी खोटं बोलत नाही, असं आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की मेलेल्याला बोलू देतोच कोण! त्याच्या वतीने नातेवाईक बोलतात. एका घरात तर मी पोचेपर्यंत फरशी पुसून, पडदे बदलून, मृतालाही इस्त्रीचा शर्ट घालून ठेवला होता, का तर ‘सरकारी माणसं येणार’. मी त्यांना काही बोलले नाही. आपल्याकडेही पाहुणे यायच्या आधी आई पलंगाखाली काय काय सरकवते ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण गेल्या महिन्यात जे झालं त्यात पलंगाखाली अख्खं माणूसच सरकवायचा बेत होता, आणि त्यापायी मी खात्याच्या दप्तरात ‘असंवेदनशील’ ठरले. ते सगळं तुम्हाला कळावं म्हणून हा प्रपंच.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी एका तीन मजली इमारतीत गेले. जिना अरुंद, कठड्याचा रंग हाताला लागणारा. पहिल्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले होते, म्हणजे बसवलेले होते. वय चौऱ्याहत्तर, विधुर, निवृत्त वजनमापं निरीक्षक. मांडीवर वर्तमानपत्र, नाकावर चष्मा. बाजूला मुलगा, मुलगी आणि जावई. मुलगा व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतो (हे त्याने आपण होऊन सांगितलं, वडिलांचं नाव सांगायच्या आधी). जावई वकील आहे (हे त्याने आपण होऊन तीनदा सांगितलं). मुलगी फ्रिजला पाठ टेकून उभी होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. मुलाने मला, समोर दोनशे माणसं बसली असावीत अशा आवाजात, हकीकत सांगितली. बाबा दोनला जेवले. खुर्चीत बसले. वर्तमानपत्र वाचता वाचता, कुणालाही त्रास न देता, शांतपणे गेले. “असं मरण भाग्यवंतालाच मिळतं,” तो म्हणाला आणि थांबला. टाळ्यांसाठी जेवढा वेळ थांबतात तेवढाच.

आता मामा, दोनला गेलेल्या माणसाचा जबडा चारला एवढा घट्ट होत नाही. आणि खुर्चीत गेलेल्या माणसाचं रक्त पायांकडे उतरतं, पाठीवर जांभळट डाग पडत नाहीत. ते पडतात जमिनीवर उताणा पडलेला असला तर. पॅन्टवर, गुडघ्यांपासून खाली, रंगीबेरंगी दोऱ्यांचे बारीक तुकडे चिकटलेले. हे सगळं मी निमूटपणे लिहून घेत होते. (लिहिताना मी ‘हं’ असं म्हणते. त्याने लोक फार घाबरतात. ही सवय मी मुद्दाम मोडलेली नाही.) पण खरा घोळ चष्म्याचा होता. चष्मा जांभळ्या काड्यांचा, आणि त्याला गळ्यात अडकवायची मण्यांची साखळी.

“हा चष्मा यांचाच?” मी विचारलं.

“बाबांचाच,” मुलगा म्हणाला.

“मण्यांची साखळी?”

“बाबांना रंगांची आवड होती,” जावई म्हणाला, आणि मुलीने फ्रिजकडे तोंड फिरवलं. जन्मभर तराजूंना शिक्के मारलेल्या आणि भिंतीवरच्या पाचही फोटोंत त्याच एका करड्या शर्टात उभ्या असलेल्या माणसाला रंगांची आवड! मी पुन्हा ‘हं’ म्हटलं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात एक बाई, साठी उलटलेल्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत उभ्या. रडून डोळे सुजलेले. “माफ करा हं,” त्या म्हणाल्या, “माझा चष्मा इकडे आलाय. त्याच्याशिवाय मला पायऱ्या दिसत नाहीत. त्यांचा वर राहिलाय, तो आणलाय मी.” आणि त्यांनी काळ्या जाड फ्रेमचा, एका बाजूला चिकटपट्टी लावलेला चष्मा पुढे धरला. मामा, पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एवढी शांतता कुठल्या शवागारातही ऐकलेली नाही.

मग सगळं बाहेर आलं, आणि आलं ते फ्रिजपाशी उभ्या असलेल्या मुलीच्या तोंडून. नवऱ्याने तिला दोनदा डोळ्यांनी दटावलं. तिने त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं, आणि तिला ठाऊक नव्हतं ते बाईंनी सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या या बाई शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, उसवलेल्या शिवणी, बटणं, असलं. चार वर्षांपूर्वी निरीक्षकसाहेब त्यांच्या मशीनच्या आवाजाची तक्रार करायला वर गेले. तक्रार राहिली बाजूला. टेबलावरची कापडी मोजपट्टी बघून यांचे डोळे पांढरे झाले. पट्टी वापरून वापरून अर्धा इंच ताणलेली! म्हणजे अख्ख्या शाळेची पोरं अर्धा अर्धा इंच ढगळ कपड्यांत फिरत होती. साहेबांनी पट्टी जागच्या जागी जप्त केली आणि दुसऱ्या दिवशी नवी, स्वतः तपासलेली, घेऊन गेले. मग ती ताणली तर जात नाही ना हे बघायला आठवड्याने गेले. मग रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा. (वजनमापं खात्यात पाठपुरावा फार कडक असतो.) घरी सांगायचे की बागेत फिरायला जातो. घरच्यांना संशय आला नाही, कारण संशय यायला आधी माणसाकडे बघावं लागतं. वर जाऊन करायचे काय, तर उसवायचे. जुन्या शिवणी ब्लेडने उसवून द्यायच्या, बटणं लावायची, आणि बाईंची काजं बरोबर अंतरावर आहेत की नाहीत यावर भांडायचं.

त्या मंगळवारी अकराला ते तिथेच पडले. बाई धडपडत खाली आल्या, मुलाला हाका मारल्या. मुलगा वर गेला, नाडी बघितली, आणि डॉक्टरला नव्हे, वकिलाला फोन केला. पुढचे तीन तास बाबांचं काय झालं यावर नाही, लोक काय म्हणतील यावर खल झाला. परक्या बाईच्या घरात, तेही तिच्या पेटीकोटांच्या ढिगाशेजारी! (पेटीकोट गिऱ्हाइकांचे होते, पण लोक एवढं विचारतात थोडंच.) मग दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. गडबडीत हाताला लागला तो चष्मा नाकावर चढवला, आणि बाईंना बजावलं की तुम्ही आज दिवसभर दार उघडायचं नाही. जिन्यात पोस्टमन भेटला. त्याने सवयीने ‘नमस्कार साहेब’ म्हटलं. उत्तर आलं नाही याचं त्याला काहीच वाटलं नाही, कारण निरीक्षकसाहेब दुसऱ्या मजल्याखाली कुणाशी बोलतच नसत.

हे मी लिहून घेतेय म्हटल्यावर वकील जागा झाला. कायद्यात व्यक्ती मरते, मजला मरत नाही, इमारत एक, पत्ता एक, मग मजल्याचा प्रश्न येतो कुठे, असं त्याने मला पाच मिनिटं समजावलं. मी त्याला फॉर्मचं तिसरं पान दाखवलं : मृत्यूचं ठिकाण, मजला, खोली. तेव्हा मुलाचं व्यक्तिमत्त्व एकाएकी विकसित झालं. आवाज खाली आला, दोनशे माणसं उठून गेली. तो म्हणाला, मग हेही लिहा, की या बाईने त्यांना काय खायला-प्यायला दिलं ते आम्हाला माहीत नाही. आम्हाला संशय आहे. बाई एवढंच म्हणाल्या, “बिनसाखरेचा चहा हो. तो पण अर्धा कप.”

मला राग आला, मामा. या नोकरीत राग येऊ द्यायचा नसतो, त्याने अक्षर बिघडतं. पण घटकेपूर्वी जो माणूस भाग्यवंताचं मरण सांगत होता, तो आता एक जिना वाचवण्यासाठी त्याच मरणाचं विष करायला निघाला होता. मी त्याला शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, “संशय नोंदवलात हे बरं केलंत. आता शवविच्छेदन करावंच लागेल. सगळ्यांचे जबाब होतील. पोस्टमनचासुद्धा.” वकील खुर्चीत बसला. नेमका त्या प्लास्टिकच्या खुर्चीत. मी त्याला उठवलं, कारण ती आता पुरावा होती.

मग मी वर गेले. अठरा पायऱ्या. खोलीत मशीन, इस्त्री, गणवेशांचे गठ्ठे, आणि मशीनसमोर दुसरी खुर्ची, तिच्यावर उशी. फोटो काढले, मापं घेतली. (मोजपट्टी बाईंचीच वापरली. ती अचूक निघाली.) शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला : शेवटचं काय बोलले? बाई म्हणाल्या, “म्हणाले, चौथं काज तिरकं आलंय. सकाळपासून तिसऱ्यांदा माझी चूक काढली होती. मी म्हटलं, मग तुम्हीच करा. आणि पाठ फिरवून मशीन चालवत बसले. मशीनच्या आवाजात काही कळलं नाही हो मला. थांबवलं तेव्हा ते खाली होते.” मग त्यांनी मला तो शर्ट दाखवला. चौथं काज खरंच तिरकं होतं. “मी रागाने बोलले,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं की चार वर्षं रोज वर येणारा माणूस रागाला घाबरत नव्हता, एवढं नक्की. हे वाक्य कुठल्या रकान्यात बसतं मला ठाऊक नाही. काजाची गोष्ट मात्र मी समासात लिहिली.

खाली उतरते तो कचेरीतून आमच्या साहेबांचा फोन. वकिलाने मधल्या वेळात कुणाकुणाला गाठलं होतं. साहेब म्हणाले, “बाई, मेला तो मेला. एक मजला इकडे काय नि तिकडे काय!” मी म्हटलं, “साहेब, उद्या तुम्ही खुर्चीत गेलात आणि आम्ही तुम्हाला उचलून खालच्या कँटीनमध्ये नेऊन बसवलं तर चालेल का?” साहेबांनी मनापासून विचार केला. “कँटीनमध्ये नको,” ते म्हणाले. आणि फोन ठेवला. ही मी लेखी परवानगी समजले.

शवविच्छेदनात काय निघणार होतं! हृदय बंद पडलं, एका क्षणात, डॉक्टर शेजारी असता तरी उपयोग नव्हता. हे वाक्य मी मुलाला दोनदा वाचून दाखवलं. त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. एका क्षणात गेले नसते, तर ते तीन तास काय होते, हे त्याला नीट कळावं म्हणून. त्याला कळलं. तो पांढराफटक पडला, आणि पहिल्यांदाच मला त्याच्याबद्दल जरा बरं वाटलं. अहवालात मी स्वच्छ लिहिलं : ठिकाण दुसरा मजला, शिवणाची खोली, साक्षीदार त्या बाई, नातेवाइकांनी मृतदेह हलवला. दोघांनी लेखी माफी लिहून दिली. वकिलाच्या माफीनाम्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मुलगी मात्र माझ्या देखत वडिलांचा तो चिकटपट्टीचा चष्मा घेऊन वर गेली आणि बाईंच्या हातात ठेवून आली. नवरा जिन्याखाली उभा राहून ‘अगं, पण कशाला’ म्हणत होता. ती अर्ध्या जिन्यातून म्हणाली, “तुम्ही गप्प बसा.” बारा वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदाच म्हणाली असावी, कारण तो लगेच गप्प बसला.

आता माझं काय झालं ते. तक्रार आली. मी दुःखी कुटुंबासमोर चारदा ‘हं’ म्हटलं, असा आरोप. साहेबांनी खुलासा मागवला. मी लिहिलं की तीनदाच म्हटलं. मग मला दोन दिवसांच्या संवेदनशीलता प्रशिक्षणाला धाडलं. सभागृहात गेले, पहिल्या रांगेत बसले, आणि प्रशिक्षक म्हणून व्यासपीठावर कोण यावं? तोच! आमचं खातं त्याला दरवर्षी बोलावतं म्हणे. मला बघून त्याने ‘सुप्रभात’ दोनदा म्हटलं. तरी गडी कसलेला. दोन दिवस त्याने आम्हा चाळीस जणांना डोळे मिटायला लावून ‘समोरच्याला ऐका’ हे शिकवलं, आणि मला उत्तम श्रेणीचं प्रमाणपत्र दिलं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बिस्किटाचा तुकडा करत, माझ्याकडे न बघता, अगदी घरगुती आवाजात म्हणाला, “त्या बाई काही बोलल्या का हो? म्हणजे, बाबा वर बसून काय बोलायचे? आमच्याशी ते... मीठ द्या, पंखा बंद करा, एवढंच.” मी त्याला काजाचं सांगितलं. बाकीचं जिना चढून विचारा म्हटलं, अठरा पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. तो चढला की नाही मला ठाऊक नाही. असल्या गोष्टींचा तपास आमच्याकडे येत नाही.

असो. पत्र लांबलं. दाढ काढून टाका. आईचा आशीर्वाद (ती मोठी आहे, देऊ शकते). कळावे, लोभ आहे तो वाढवा, आणि वाढला की कळवा.

तुमची भाची,
(तुमच्या शब्दांत, ‘मढ्यावरची कारकून’)

ता. क. हे पत्र लिहायला मला तुमच्या चिरंजीवांनी लावलं. पंधरवड्यापूर्वी त्याचा फोन आला होता. बाबा रोज पाच ते सात ग्रंथालयात जातात, केस विंचरून, आणि ग्रंथालय तर दुरुस्तीसाठी आठ महिने बंद आहे, तेव्हा तू त्यांची लाडकी, तू चार समजुतीच्या गोष्टी लिही, म्हणाला. त्याप्रमाणे लिहिल्या आहेत. मी त्याला कळवते की पत्र चांगलं कडक धाडलं. तुम्ही चार दिवस जरा पडेल चेहऱ्याने वावरा, म्हणजे झालं.

ता. ता. क. आता माझी मागणी. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवत जा : ‘माझं काही झालं तर यांना आधी कळवा’, आणि खाली नाव, पत्ता, मजला. मला दाखवू नका, चिरंजीवांना तर नाहीच. फक्त शर्ट धुवायला टाकताना चिठ्ठी काढून घ्या. धुतलेल्या चिठ्ठ्या आमच्याकडे रोज येतात. एक अक्षर लागत नाही त्यांचं, आणि बाहेर कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.

शेवटचा ता. क. आणि मामा, खरोखरच जर तुम्ही त्या बंद ग्रंथालयाच्या पायरीवर रोज एकटेच जाऊन बसत असाल, तर पत्र फाडून टाका आणि जरा लाज वाटू द्या. आई आणि मी गेले पंधरा दिवस उगीचच खूश आहोत.